बालाथलच्या माणसाचं नाक

आमच्या बागलीच्या डोंगरात उगम पावलेली कालीसिंध शेवटी चंबळेला मिळते. उदयपूरजवळच्या बालाथलचं पाणीही बेडच, बनास करत तिथंच येतं. त्या बालाथलला वि. ना. मिश्र यांच्या उत्खननात पस्तिशी-चाळिशीतल्या पुरुषाचा सांगाडा निघाला, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. ग्वेन रॉबिन्स, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तो तपासून सांगितलं : याला महारोग होता.

डेक्कन कॉलेजच्याच मंडळींनी कोरियन शास्त्रज्ञांबरोबर राखीगढीच्या दोन कवट्यांवरून चेहरे घडवले, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून बालाथलचा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचा चेहरा करायचा झाला तर? कवटीचा सीटी स्कॅन घ्यायचा, ठरावीक जागी मांसाची जाडी धरायची, स्नायू बसवायचे, वर कातडी. पण ही जाडी धडधाकट माणसांवर मोजलेली असते. नाक किती पुढं येईल ते नाकपोकळीच्या खालच्या कडेवरच्या हाडाच्या बारीकशा काट्यावरून ठरवतात, आणि महारोग नेमका तोच काटा खातो. पोकळीच्या कडा झिजतात, वरच्या पुढच्या दातांना धरून ठेवणारं हाड विरत जातं. डेन्मार्कमधल्या मध्ययुगीन महारोग्यांच्या कवट्यांत मोलर-क्रिस्टेन्सन या डॉक्टरने हीच खूण हेरली होती.

मग नाक कुठलं लावायचं? आजाराआधीचं सरळ नाक संग्रहालयाला आवडेल. शाळेच्या सहलीतली पोरं घाबरणार नाहीत.

लहानपणी बागलीच्या हाटात एक महारोगी बसायचा. त्याचा जर्मनचा वाडगा आठवतो, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या आठवतात. चेहरा आठवत नाही. तिकडं बघायचं नाही, असंच घरात बजावलेलं होतं.

हा रोग हाडापर्यंत पोचायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं बालाथलचा माणूस जगला, म्हणजे कुणीतरी त्याच्यापुढं अन्न ठेवत असणार. मेल्यावर त्याला शेणाची राख भरलेल्या दगडी कोटात पुरलं. राख कशासाठी, यावर पंडितांनी भांडावं. सरळ नाक लावलं, तर त्याला रोज पाहणाऱ्या त्या माणसांनाच तो ओळखू येणार नाही.

मला बसकं नाकच हवं. भुवयांबद्दल हाड काही सांगत नाही. पण या रोगात त्या झडतात, तेव्हा कारागिराने आधी कुष्ठरोगाच्या डॉक्टरला विचारावं. आणि दातांचा आधार गेला असेल तिथं वरचा ओठ आत बसेल, तो ओढूनताणून बाहेर काढू नये.