एकशे सत्त्याऐंशी रुपये

आयटीतल्या माणसाला 'नोटीस पिरियड' या शब्दाची एक वेगळीच धास्ती असते. २०२३ मध्ये फेब्रुवारी ते मे मी पुण्यात तो भोगत होतो, चांगला नव्वद दिवसांचा. राजीनामा दिलाय, नवी ऑफर खिशात आहे, पण जुनी कंपनी काही सोडत नाही... आणि नेमका त्याच काळात एका शनिवार-रविवारी जळगावला जाऊन मी आप्पांचा मोबाईल एका कंपनीतून दुसरीत हलवायला घातला. बुधवारी नवं सिम चालू! वर फोनवर त्यांना ऐकवलंही, "बघा आप्पा, सिमकार्डाला जमतं ते मला जमत नाही."

हा शहाणपणा पुढे अंगाशी आला.

आप्पांचं अजिंठा चौफुलीच्या अलीकडे मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. नंबर २००५ पासूनचा. शटरवर रंगवलेला, बिलबुकावर छापलेला, आणि भादली-कानळद्याकडे कितीतरी विहिरींवरच्या खोल्यांच्या दारांवर ऑइल पेंटने लिहिलेला. मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत केळीचं पाणी चुकलं तर काय होतं ते खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. मोटर जळाली की शेतकरी आधी कपाळाला हात लावतो आणि मग आप्पांना फोन लावतो. मध्येच रिचार्ज संपून फोन बंद नको, म्हणून आप्पांनी तेव्हा पोस्टपेड घेतलं, पाचशे रुपये डिपॉझिट भरून. ती पावती वीजबिलांच्या प्लास्टिक पिशवीत अजून होती. पण शेताकडे गेलं की जुन्या कंपनीची रेंज जायची, म्हणून हा सगळा खटाटोप.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे देशभर आली ती २० जानेवारी २०११ ला (हरियाणात दोन महिने आधी), तीही आपापल्या सर्कलपुरती. जळगाव-धुळे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, त्यामुळे पुण्याला यायला अडचण नव्हती. पण आमची अर्धी भाऊबंदकी सुरतेला, म्हणजे गुजरात सर्कलमध्ये! माझ्या आतेभावाला जळगावचा नंबर तिकडे नेण्यासाठी ३ जुलै २०१५ उजाडावा लागला.

आता काम तसं सोपं आहे. १९०० वर 'पोर्ट' असा मेसेज, पुढे आपला नंबर. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सर्कल तेच असेल तर तीन कामाच्या दिवसांत पोर्ट. जुन्या कंपनीला नोटीस द्यायची भानगड नाही. गंमत म्हणजे नव्वदचा आकडा इथेही आहे, पण उलट्या टोकाला... नव्या कंपनीत नव्वद दिवस मुक्काम केल्याशिवाय पुन्हा निघता येत नाही. इंग्लंडमध्ये असलेल्या माझ्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे महिनाभराची नोटीस असायची, कंपनी बदलल्यावरही जुनीचे पैसे भरत बसायचं. तिथल्या ऑफकॉमने १ जुलै २०१९ पासून ते बंद केलं. म्हटलं, चला, एका बाबतीत तरी आपण आधीपासून बरे.

आता माझी चूक. निघताना आलेलं बिल मी भरलं होतं, नाहीतर कोडच मिळत नाही. पण बिलाची तारीख ते पोर्ट होण्याची तारीख, या मधल्या दिवसांचं शेवटचं बिल नंतर येतं. ते आलं माझ्या कॉलेजच्या वेळच्या ईमेलवर, जो मी दोन वर्षांत उघडला नव्हता. एकशे सत्त्याऐंशी रुपये. अशी थकबाकी राहिली की जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवू शकते, आणि मग नवी कंपनी नंबर बंद करू शकते. इशाऱ्याचे मेसेज आप्पांच्या फोनवर आलेही होते, इंग्रजीत, कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फोन बंद पडला. आप्पांना वाटलं हँडसेट बिघडला, म्हणून एक दिवस तो दुरुस्तीच्या दुकानात पडून! दुसऱ्या दिवशी भादलीचे एक काका टेम्पोत मोटर टाकून थेट दुकानावर आले. मोटर उतरवायच्या आधी त्यांनी आप्पांना खालीवर न्याहाळलं. "आप्पा, तुम्ही बरा शेतस ना? फोन लागत नई, आम्ही घाबरनूत."

हे आईने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. तिथूनच कॉल सेंटर लावलं. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, ड्यूज क्लिअर करा, डिपॉझिटची प्रोसेस वेगळी आहे." म्हणजे आमचे पाचशे त्यांच्याकडे, त्यांचे एकशे सत्त्याऐंशी आमच्याकडे, आणि फोन बंद आमचा! च्यायला, इतकी साधी वजाबाकी आम्ही पहिल्या सेमिस्टरला प्रोग्रॅममध्ये लिहायचो. पैसे भरले. नाहीतर नंबर कायमचा तुटला असता आणि जिथून निघाला त्या कंपनीकडे परत गेला असता. तरी चालू व्हायला आणखी एक दिवस गेला. असे एकूण तीन.

मग डिपॉझिटच्या मागे लागलो. तेव्हा लागू असलेल्या ट्रायच्या २००९ च्या नियमांत सेवा बंद केल्यावर ६० दिवसांत डिपॉझिट परत करायचं होतं. ट्राय स्वतः एकेकट्याच्या तक्रारी घेत नाही. आधी कंपनीत तक्रार करून डॉकेट नंबर घ्यायचा, दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे. त्यांना निकालाला ३९ दिवस. (४० का नाही, देव जाणे.) त्याउपर ग्राहक आयोग आहेच, आणि टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात हे फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. पोस्टपेडवाल्याला निदान मागायला काहीतरी असतं. प्रीपेडवाल्याचा उरलेला बॅलन्स पोर्ट होताच बुडतो, म्हणून तो आधी संपवावा. २०१७-१८ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेलची सेवा बंद पडली, तेव्हा मात्र ट्रायने त्यांना प्रीपेड बॅलन्सही परत करायला सांगितलं होतं. तो अपवाद.

आमचा चेक अपील केल्यावर आला, ऑगस्टमध्ये. गेला होता २००५ च्या पत्त्यावर, पिंप्राळ्यातल्या आमच्या जुन्या भाड्याच्या घरी. पोस्टमनच्या घरचा पंखा आप्पांनीच भरून दिलेला, म्हणून तो दुकानात आणून देता झाला. आप्पांनी चेक बँकेत भरला आणि मी गणपतीत घरी गेलो तेव्हा माझ्या हातावर मोजून एकशे सत्त्याऐंशी रुपये ठेवले, सुट्ट्यासकट. मी नको म्हणालो. "हिशेब आहे," म्हणाले.

त्या तीन दिवसांत कानळद्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मोटर दुसऱ्याकडे भरायला टाकली होती. आप्पा त्याबद्दल मला कधी काही बोलले नाहीत. त्याची मोटर अजून तिकडेच जाते.