उपास आणि रिकामें पोट

शस्त्रक्रिया म्हटली कीं आपण शस्त्रवैद्याचें नांव विचारतों, त्याच्या हातगुणाची चार घरीं चौकशी करतों. भूल कोण देणार, हा प्रश्न मात्र सुशिक्षित कुटुंबांतहि क्वचितच निघतो. औषध टोंचून निजविणें म्हणजे भूल, एवढीच आपली समजूत. ती किती अपुरी आहे, हें गेल्या आषाढांत आमच्या घरीं कळून आलें.

चंदगडच्या पावसांत शेवाळलेल्या अंगणांत पाय घसरून आमच्या आत्याबाईंचें खुब्याचें हाड मोडलें. आम्हां चंदगडकरांना कोल्हापूरपेक्षां बेळगांव जवळ. तेव्हां त्यांना तिकडे नेलें. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीं ठरली, आणि ती नेमकी एकादशी!

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीं आत्याबाईंना जीभ बाहेर काढावयास सांगून पडजीभ दिसते कीं नाहीं तें पाहिलें. डॉ. शेषगिरी मल्लंपती यांनीं 1985 सालीं प्रसिद्ध केलेली ही परीक्षा. श्वासनलिकेंत नळी घालणें अवघड जाईल काय, याचा तीवरून अंदाज येतो. मग त्यांनीं विचारलें, “आजी, उपाशीं आहांत ना?”

“अहो, आज एकादशी! उपासच आहे,” आत्याबाई अभिमानानें उत्तरल्या.

वहिनी हळूच म्हणाल्या, “पण सकाळीं आठाला शेजारच्या खाटेवरच्या बाईंनीं दिलेली साबुदाण्याची खिचडी झाली आहे.”

डॉक्टरीणबाई हंसल्या, परंतु शस्त्रक्रिया सायंकाळवर गेली. त्यांनीं कारण सांगितलें तें असें: घशाशीं श्वासाची वाट पुढें व अन्नाची मागें, आणि दोहींचा उंबरठा एकच. गिळतांना कंठावरचें झांकण श्वासाची वाट मिटतें. चुकून कण गेलाच तर खोकला त्यास हांकून देतो. पूर्ण भूल चढली कीं हे दोन्ही पहारेकरी निजतात, आणि पोटांतलें अन्न उलटून फुप्फुसांत शिरूं शकतें. म्हणून खाल्ल्यावर निदान सहा तास जावे लागतात. स्निग्ध पदार्थ असल्यास अधिक. कमरेंतून भूल दिली तरी नियम हाच, कारण ती अपुरी पडल्यास पूर्ण भूल द्यावी लागते.

तोंवर वेदनेचें काय? जांघेंत धमनीच्या बाहेरच्या अंगास मांडीचा मोठा मज्जातंतु असतो. ध्वनिलहरींच्या यंत्रावर तो पाहून त्याच्याभोंवतीं त्यांनीं औषध सोडलें. थोड्याच वेळांत आत्याबाईंचें कण्हणें थांबलें. सायंकाळीं त्यांनीं बोटांनीं कमरेच्या हाडांचे वरचे कांठ चांचपले. ते जोडणारी रेघ कमरेच्या चौथ्या मणक्यापाशीं पाठ ओलांडते. मज्जारज्जु त्याच्या वरच, पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीं संपलेला असतो. म्हणून तेथें सुई निर्धास्त घालतां येते. जर्मनींत आउगुस्ट बिअर यांनीं 1898 सालीं ह्या रीतीनें प्रथम शस्त्रक्रिया केली. आत्याबाई तर जागेपणींच विठ्ठलाचें नाम घेत राहिल्या.

शरीराचा असा नकाशा भूल देणाऱ्याच्या बोटांत असतो. पण रोग्याच्या पोटांत काय गेलें, तोंडांत कवळी आहे कीं काय, पूर्वीं कोणतें औषध बाधलें, हें त्या नकाशांत नसतें. तें घरच्या माणसांनींच सांगावयाचें. आपल्या भाषेंत उपास आणि उपाशीं हे शब्द सख्खे आहेत. भूल देणाऱ्यापुढें मात्र त्यांची गल्लत होऊं देऊं नये.