टिशियनची निळी बाही

तैलरंग शिकायचे तर आधी एखादं जुनं चित्र उतरव, असं सर म्हणाले आणि मी टिशियन निवडला. साधारण १५१०चं व्यक्तिचित्र. मूळ लंडनच्या नॅशनल गॅलरीत. दाढीवाला तरुण कठड्याआडून मान वळवून आपल्याकडे बघतोय, भुवई किंचित चढलेली. पण चित्रभर मिरवते ती त्याची फुगीर निळी बाही. चेहरे रंगवायची धास्ती असणाऱ्याला हे सोयीचं!

छापील प्रतीवर चौकोन आखले, कोळशाने रेखाटन केलं, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर कॅनव्हासभर फिरवला आणि उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढल्या. त्यावर नुसत्या राखाडीतलं काम. निळ्याला हात लावायचा नाही. मग वाट बघणं. त्यात पावसाळा. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं तेव्हा तैलरंग वाळतो, आणि दमट हवेत तो फारच रेंगाळतो. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, या क्रमाबाबत सर कडक. उलट केलं तर वरचा थर पुढे तडकतो.

टिशियनने काढलेल्या बार्बारिगो घराण्यातल्या एकाच्या चित्रात कपड्याचे टाके मोजता येतात, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहून ठेवलंय. ते बहुधा हेच. म्हणून मीही भिंग घेऊन बसले. प्रकाशातल्या शिवणी स्वच्छ दिसतात. बाही सावलीकडे वळली की त्या विरत जातात, तरी गोधडीसारखा फुगवटा जाणवतच राहतो. सावलीसाठी मी निळ्यात आणखी निळा घालत होते. सरांनी पॅलेटवरचा उरलेला राखाडी त्यात ओढला आणि कापड एकदम गोल झालं.

खरी करामत मात्र पाठीकडे आहे. अंगरख्याची सावलीतली कड मागच्या करड्या रंगात जवळजवळ मिसळून गेलीय. तिथे रेघ ओढायला हात शिवशिवतो. सरांनी ओल्या रंगावरून कोरडा ब्रश हलकेच फिरवला, कड हरवली, आणि माणसाभोवती हवा आली. पुढे कोपर कठड्याबाहेर आलेलं, मागे पाठ विरलेली. एवढ्यावर अख्खा देह उभा राहतो. पुस्तकात हे वाचलं होतं, पण हाताला कळायला ब्रशच लागला.

रेम्ब्रांटने १६४०च्या आत्मचित्रात हीच बैठक उचलली आणि तिथे स्वतःलाच बसवलं. सर म्हणतात, आता तूही आरशासमोर बस. म्हणजे चेहरा आलाच.