भिंतीआडचें पाणी

घराची वाखाणणी करितांना आपण त्याच्या दरवाजाची, अंगणाची, फार तर माडीवरील नक्षीदार खांबांची करितों. भिंतीच्या पोटांतून जो नळ रात्रंदिवस आपली चाकरी करीत असतो, त्याची आठवण कोणास होत नाहीं. तो एके दिवशीं फुटला म्हणजे मात्र सारें घर त्याच्याभोंवतीं गोळा होतें. जुन्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांवर हा प्रसंग केव्हांना केव्हां येतोच. म्हणून त्याविषयीं आम्हांस जें ठाऊक आहे, तें आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढें मांडावें असें योजिलें आहे.

आमचें बालपण पुण्यांतील एका जुन्या वाड्यांत गेलें. असे वाडे बांधले गेले त्या काळीं घरांत नळ नव्हते. १८ व्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी भुयारी पाटानें शहरांत आणिलें. तें ठिकठिकाणच्या हौदांत पडे, व लोक घागरी भरून घरीं नेत. पाण्याची मजल हौदापर्यंत किंवा चौकांतील विहिरीपर्यंत. भिंतींत तें शिरत नसे. लोखंडी नळ आले ते पुष्कळ मागाहून, आणि ज्या भिंती पाण्याशीं संबंध ठेवण्यासाठीं बांधलेल्याच नव्हत्या, त्यांच्या पोटांतून ते नेण्यांत आले.

या भिंतींची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. खालीं दगडी जोतें, त्यावर लांकडी खांब व तुळया, खांबांच्या मध्यें विटा आणि माती, व वरून चुन्याचा गिलावा. माती कोरडी आहे तोंवर हें सर्व शेंदीडशें वर्षें उभें राहतें. भिजली कीं तिचें बळ सरतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व त्यापाठोपाठ खडकवासल्याचेंही फुटलें. मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें, तेव्हां माती-विटांचीं किती तरी घरें ढांसळलीं. पुरानें जें एका दिवसांत केलें, तेंच गळका नळ वर्षानुवर्षें, आवाज न करितां करीत असतो.

थंड देशांत नळ फुटतात ते हिमामुळें. पाण्याचें बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें, व तो जोर लोखंडासही सोसत नाहीं. पुण्यांत नळांतील पाणी गोठत नाहीं. येथील मुख्य शत्रु गंज होय. लोखंडी नळास जस्ताचा मुलामा दिलेला असतो. तें जस्त आपण झिजतें व लोखंडास राखतें. परंतु तें संपलें कीं लोखंडाची पाळी येते. गंज लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून नळ आंतून अरुंद होतो आणि बाहेरून पातळ. जेथें आटे पाडलेले असतात तेथें नळाची जाडी मुळांतच कमी. म्हणून गळतीचा प्रारंभ बहुधा जोडापाशीं होतो. शिवाय पाणी ठराविक वेळींच येत असेल, तर रिकाम्या नळांत ओल आणि हवा एकत्र नांदतात, व पाणी सुटलें म्हणजे जुन्या जोडांस एकाएकीं धक्का बसतो.

आमच्या वाड्यांत तळमजल्यावरील एका खोलींत एक वृद्ध आजी एकट्या राहत. १९९१ सालच्या उन्हाळ्यांत त्यांच्या भिंतीवर माथ्यापाशीं ओलीचा डाग उमटला. पावसाळ्यांत भिंत ओलावली तर कौलांकडे बोट दाखवितां येतें. भर वैशाखांत दाखवावें कोणाकडे? आजी आमच्या वडिलांस म्हणत, “अरे, पाऊस नाहीं, पाणी नाहीं, मग ही भिंत ओली कशानें?” वडिलांनीं वरच्या बिऱ्हाडकरूंस विचारिलें. ते म्हणाले, नळ मालकांचा आहे. मालक म्हणाले, मोरी बिऱ्हाडकरूंची आहे. या वादांत दोन महिने गेले, आणि डाग ताटाएवढा होता तो परातीएवढा झाला.

मुलांनो, येथें थोडें गणित करूं. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरिला, तर सेकंदास एक थेंब गळणारा जोड दिवसास ४ लिटरांहून अधिक पाणी भिंतीस पाजतो. वर्षांत तें दीड हजार लिटरांहून अधिक होतें. मालक आणि बिऱ्हाडकरू बोलत होते तोंवर भिंत पीत होती.

एके दिवशीं पहांटे पाणी सुटलें आणि तो नळ भिंतींतच फुटला. वरच्या माडीची जमीन फळ्यांवर माती पसरून केलेली होती. ती पाहतां पाहतां भिजली. कोणी बादल्या लावल्या, कोणी चिंध्या कोंबल्या. परंतु मुख्य चावी कोठें आहे हें कोणास सांगतां येईना. शेवटीं वाड्यांतील सर्वांत जुने भाडेकरू काठी टेकीत चौकांत आले व त्यांनीं तुळशीवृंदावनामागील एक फरशी उचलावयास सांगितली. तिच्याखालीं चावी होती. ती शोधण्यांत पाऊण तास गेला होता.

दुपारीं सुतारास बोलाविलें. त्यानें तुळईच्या भिंतींत रोवलेल्या टोंकास पटाशी लाविली, तों ती भिजल्या भाकरींत शिरावी तशी आंत शिरली. बाहेरून तुळई धडधाकट दिसत होती. कुजली होती ती डोळ्यांआड. लांकूड दीर्घकाळ ओलें राहिलें म्हणजे त्यावर बुरशी पोसते, व भिंतींतील टोंकास वारा नसल्यामुळें तेथें तिचें फावतें. सुतारानें तत्काळ टेकू दिला आणि आजींचें अंथरूण तेथून हलवावयास सांगितलें. आमच्या आईनें त्यांस आमच्याकडे आणिलें. तिसऱ्या रात्रीं त्या कोपऱ्यांतील फळ्या व माती खालीं आली. टेकूमुळें तुळई राहिली; अंथरूण होतें त्या जागीं मात्र गुडघाभर ढिगारा पडला. दुसऱ्या दिवशीं मालक आणि बिऱ्हाडकरू यांनीं खर्च वांटून घेतला. जें काम एका जोडाच्या किमतींत झालें असतें, त्यास तुळई, भिंत व जमीन यांची किंमत द्यावी लागली.

आजींच्या ट्रंकेंत त्यांच्या दिवंगत यजमानांचीं पत्रें होतीं. तीं भिजून एकास एक चिकटलीं होतीं. कोणी म्हणालें, उन्हांत टाका. आमच्या आईनें तें करूं दिलें नाहीं. उन्हानें कागद आंखडतो व शाई उडते. तिनें पत्रें सावलींत ठेविलीं, सुटतील तशीं हलक्या हातानें सोडविलीं, मध्यें टीपकागद घालून तो वरचेवर बदलिला. बहुतेक पत्रें वांचलीं. आजी तीं एकेक हातीं घेऊन कितीतरी वेळ पाहत बसत.

भिंतीविषयीं एका वृद्ध गवंड्यानें दिलेला सल्ला आम्हांस पुढें अनेकदां उपयोगी पडला. मालक त्वरेनें सिमेंटचा गिलावा करण्याच्या विचारांत होते. गवंडी म्हणाला, “साहेब, आधीं भिंतीला वाळूं द्या, मग चुनाच लावा. सिमेंट लावलं तर ओल आंतच कोंडंल.” हें बोलणें शास्त्रास धरून होतें. चुन्याच्या गिलाव्यांतून ओल बाहेर पडूं शकते. सिमेंटचा घट्ट थर ती अडवितो. मग ओल मातींत व लांकडांत मुरते, क्षार साचून लोणा लागतो, आणि कांहीं दिवसांनीं नवा गिलावा पोपडे धरून गळतो. जाड भिंत वाळण्यास महिने लागतात. तोंवर खिडक्या उघड्या ठेवाव्या, वारा खेळूं द्यावा, व डाग झांकण्यासाठीं रंग देऊं नये.

आतां ज्या गोष्टी प्रत्येक घरांत ठाऊक असाव्या त्या सांगतों. नळ फुटतांच प्रथम मुख्य चावी बंद करावी, व सर्वांत खालचा नळ उघडून राहिलेलें पाणी काढून टाकावें. विजेच्या तारांजवळ पाणी गेलें असेल, तर मुख्य बटण बंद करून घ्यावें. परंतु तेथें पोहोंचण्यासाठीं पाण्यांत उभें राहावें लागत असेल, तर त्यास हात न लावितां जाणत्या माणसास बोलवावें. वरचें छत फुगलें असेल तर त्याखालीं कोणीही थांबूं नये. १० फूट लांब व १० फूट रुंद खोलींत एक इंच पाणी साचलें, तर त्याचें वजन सुमारें २३५ किलो भरतें. लहानशी चीर असल्यास सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेनें घट्ट आवळून प्लंबर येईपर्यंत काम भागतें. परंतु तो उपचार दोन दिवसांचा, दोन वर्षांचा नव्हे. आतांच्या प्लॅस्टिकच्या नळांस गंज चढत नाहीं हें खरें, तरी साधे नळ उघड्यावर राहिले तर उन्हानें ठिसूळ होतात.

गळतीचा संशय असेल तर रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतील सर्व तोट्या बंद करून टाकींतील पाण्याच्या पातळीस खूण करावी. टाकींत नवें पाणी आलें नसतां व कोणीं तोटी उघडली नसतां सकाळीं पातळी उतरली, तर पाणी कोठेंतरी वाट काढीत आहे असें समजावें. हें काम शाळेंतील मुलासही करतां येण्याजोगें आहे.

विद्यार्थिमित्रहो, एका छपराखालीं राहणाऱ्यांचें पाणी एकच असतें. वरच्याची गळती ती खालच्याची ओल. शेजारच्या आजींनीं भिंत ओली असल्याचें सांगितलें, तर नळ कोणाचा हा प्रश्न मागाहून सोडवावा; आधीं गळती थांबवावी. आणि आज घरीं गेल्यावर वडीलमंडळींस विचारा कीं आपल्या घराची मुख्य चावी कोठें आहे. ती पाहा, आपल्या हातानें एकदां फिरवून पाहा, व ती गंजून अडली असेल तर दुरुस्त करून घेण्याविषयीं त्यांच्या मागें लागा.