घामाचा महिना

२० मे. दादरला उतरेपर्यंत कुडता पाठीला चिकटला होता. आहेरात आलेला, पॉलिएस्टरचा. इस्त्रीची कटकट नाही, दिसतोही झकास. पण हे कापड पाणी पीतच नाही. एरवीच्या हवेत सूत वजनाच्या साधारण आठ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर जेमतेम ०.४.

म्हणून डोळे मिटून सुती घ्यावं? छे! गेल्या पावसाळ्यात जाड सुती जीन्स दोन दिवस दोरीवर कुबट वास मारत होती. आमच्या मुंबईच्या दमटपणात धाग्याइतकीच वीण बघावी लागते.

आईचं जुनं वायलचं पातळ उजेडासमोर धरलं, तर पलीकडचे खिडकीचे गज दिसले. फडताळात ठेवून काय करायचंय? उद्या शिंप्याकडे नेते. कुडता सैल, बिनअस्तराचा, काखेत ऐसपैस.