फोल्डर दिसतोय, उघडत नाही

दिवाळी अंकांचे दिवस आले की डीटीपीवाल्यांचे फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली: "फोल्डर दिसतोय, उघडत नाही." मजकूर विंडोजवर श्रीलिपीत टाइप झालेला, मांडणी मॅकवर आणि फाइली लिनक्सच्या सर्व्हरवर. या तिघांचं बोलणं एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलमधून चालतं. तो जन्मला आयबीएममध्ये, वाढवला मायक्रोसॉफ्टने. लिनक्सला तो बोलता येतो सांबा नावाच्या सॉफ्टवेअरमुळे. कॅनबेराच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२च्या सुमारास तारेतून जाणारी पाकिटं न्याहाळत सांबा लिहायला घेतला. मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं सांबाच्या मंडळींच्या हाती पडली ती २००७च्या डिसेंबरात, तीही युरोपातल्या न्यायालयाच्या निकालानंतर!

सगळ्यात जास्त डोकं खातो तो पासवर्ड. सर्व्हरवर लॉगिन होतं, पण त्याच पासवर्डने शेअर उघडत नाही. लोकांना वाटतं, मशीन बिघडलं. वास्तविक विंडोज पासवर्ड तारेवरून पाठवतच नाही. सर्व्हरने टाकलेल्या कोड्याचं उत्तर ते पासवर्डच्या हॅशवरून काढून धाडतं. लिनक्सकडचा हॅश मात्र वेगळ्या रीतीने केलेला असतो, त्यावरून हे उत्तर ताडून बघता येत नाही. म्हणून छोट्या ऑफिसात सांबाला स्वतःची निराळी वही ठेवावी लागते आणि प्रत्येकाचं नाव तिच्यात पुन्हा चढवावं लागतं. एका कमांडचं काम, पण ते कुणी केलेलं नसतं.

त्याऐवजी पासवर्डाविना दार उघडं ठेवून केलेलं असतं ते 'एव्हरीवन, फुल कंट्रोल', म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क. फोल्डर उघडतो, सगळे खूश. मग एके दिवशी अख्खं कवितांचं पान गायब होतं आणि ते कोणी उडवलं हे शोधायला वावच राहत नाही.

दुसरी पळवाट म्हणजे जुन्या स्कॅनरसाठी एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करणं. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो तिच्यातल्याच भोकातून. ते बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता, पण अनेकांनी टाकला नव्हता. त्या स्कॅनरला रजा द्या, असंच मी सांगतो. फारसं कुणी ऐकत नाही.

एक गंमत आपल्या मराठीतली. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत फाइलच्या नावातला 'ऱ' साठवताना त्याचे र आणि नुक्ता असे दोन तुकडे करते. आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने ती फाइल लिनक्सवर गेली आणि विंडोजवरून तीच आधी आलेली असली, की तिथे 'कऱ्हाड' नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसू शकतात. डोळ्यांना सारख्या, लिनक्सच्या लेखी वेगळ्या. एक दुरुस्त केलेली, एक जुनी. छापायला कोणती जाईल ते नशीब. त्यामुळे फाइलींची नावं रोमनमध्ये, छोट्या लिपीत ठेवा असं सांगताना मलाच वाईट वाटतं, पण सांगतो.

तुमच्या ऑफिसात 'एव्हरीवन'चा हक्क असेल तर तो आजच काढा आणि माणसागणिक खातं उघडा. चार-पाच माणसांच्या ऑफिसात याला अर्धा तासही लागत नाही.