जोधपूरच्या किल्ल्यात राण्यांनाही भेटा

जोधपूरला जायचा बेत असेल तर ऑक्टोबर ते मार्च हे महिने निवडा आणि पहिली सकाळ मेहरानगडासाठी राखून ठेवा. राव जोधा यांनी १४५९ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. शहरापासून सुमारे ४०० फूट उंचीवर तो असा उभा आहे की खडक कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, हे खालून कळतच नाही. वर जायला लिफ्ट आहे, पण गुडघे साथ देत असतील तर चालतच चढा. किल्ल्याचे दरवाजे त्या वाटेवर आहेत.

त्यातला जयपोल महाराजा मानसिंह यांनी जयपूर आणि बिकानेरच्या सैन्यावरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. शेवटचा दरवाजा लोहापोल. त्याच्या शेजारच्या भिंतीवर शेंदूर लावलेले हातांचे ठसे दिसतात. १८४३ मध्ये मानसिंह वारले, तेव्हा सती गेलेल्या राण्यांचे ते हात.

मी आईबरोबर गेले होते. बाबा गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच प्रवास. आजूबाजूचे लोक ठशांना हात लावून नमस्कार करत होते. आई नुसतीच बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘‘किती लहान हात आहेत गं! यांना कुणी विचारलं असेल का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिचा हात धरला आणि आम्ही पुढे निघालो.

आत फूलमहालातलं सोन्याचं काम, शीशमहालातले आरसे, पालख्या आणि हत्तीवरच्या अंबाऱ्या बघताना डोळे दिपतात. ते सगळं जरूर बघा. पण किल्ल्याच्या पायथ्याशी असलेला राणीसर तलावही चुकवू नका. तो राव जोधांच्या राणी जस्मादे यांनी बांधवून घेतला. खाली शहरात तूरजी का झालरा नावाची खोल, पायऱ्यापायऱ्यांची विहीर आहे. ती १७४० च्या दशकात महाराजा अभयसिंह यांच्या राणीने बांधली.

वाळवंटात पाणी साठवणं म्हणजे माणसं जगवणं. मला वाटतं, राण्यांची आठवण काढायची तर ती अशी काढावी. संध्याकाळी झालऱ्याच्या पायऱ्यांवर आई बराच वेळ बसली. समोर पोरं पाण्यात धडाधड उड्या मारत होती आणि ती कितीतरी दिवसांनी मनापासून हसत होती. ‘‘पुढच्या वर्षी जैसलमेरला जाऊ या,’’ असं तीच म्हणाली.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, ‘आता कुठे फिरायचं’ म्हणत घरीच बसलेलं. या हिवाळ्यात दोन तिकिटं काढा. किल्ला नंतरही तिथेच असेल, पण आपली माणसं थांबत नाहीत.